मोटारीचा उपास

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि खोटं सांगायला बसलो तर याहून बरं काही सुचत नाही. पण परवा कर्जतच्या बाजारात एक इसम हीच गोष्ट चार माणसांना रंगवून सांगत होता. त्यात मोटारीच्या जागी घोडा होता आणि पदूच्या जागी तो स्वतः. तेव्हा म्हटलं, आता लिहिलेलं बरं.

पदू म्हणजे माझा मित्र, आमच्या कडावचा. सन चौतीसच्या शिमग्यानंतर खालापूरच्या भिवाजींची जना त्याला द्यायची असं बोलणं चाललं होतं. पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत. अडचण झाली ती एका शब्दाने. पहिल्या भेटीत भिवाजींनी विचारलं, काय करतोस? पदू म्हणाला, “मोटारीवर असतो.”

यात खोटं काहीच नव्हतं. खोपोलीच्या बाजूला उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार चालायची, तिच्यावर पदू काही दिवस क्लीनर होता. हँडल मारायचं, पाणी भरायचं आणि उरलेला वेळ टपावर चढून गाठोडी धरून बसायचं. म्हणजे तो मोटारीवर असायचा तो अगदी वरच. पावसाळ्यात ती सर्व्हिस बंद पडली आणि पदू भाताच्या लावणीला घरी आला. पण भिवाजींनी त्याचा अर्थ घेतला ड्रायव्हर, आणि पदूने तो त्यांच्याकडून परत घेतला नाही.

भिवाजींच्या मालकीच्या बैलगाड्या होत्या. घाटाखालचा माल ओढून त्यांनी घर उभं केलं होतं. पण रस्त्याने धुरळा उडवत मोटारी जायला लागल्यापासून त्यांचं मन गाडीत रमेना. आपल्या घरात एक तरी मोटारवाला पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं होतं. तेवढ्यात कर्जत स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका सांधेवाल्याचं स्थळ आलं. त्याला वर्दी होती, हातात कंदील होता आणि फुकट प्रवासाचा पास होता. मोटार नाही तर नाही, निदान इंजिन तरी आलं, म्हणून भिवाजींचं मन तिकडे झुकलं. त्यांनी पदूला बोलावून घेतलं.

“हे बघ रं पोरा,” ते म्हणाले, “बाजाराच्या दिवशी रेल्वेवाले सांजच्याला सुपारी फोडाया येनार हायेत. त्येच्या आधी तू मोटार हाकत माज्या दारात ये. आलास तर सुपारी तुजी. आन बैल जुंपून आनलीस, तर बैलालाच जावई करीन.”

जनाने आपल्या भावजयीकडून वेगळा निरोप पाठवला होता. मोटार आणली नाहीस तर मी त्या कंदीलवाल्याच्या घरात जन्मभर काचा पुसत बसेन आणि प्रत्येक काचेला तुझं नाव घेऊन बोटं मोडेन. पदूने हा निरोप मला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा त्याचा आवाज बारीक झाला.

कडाव परिसरात मोटार एकच होती, ती येसाजीकाकांची. नेरळच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून त्यांनी ती हौसेने घेतली, एक उन्हाळा फिरवली आणि मग त्यांच्या बायकोने सांगितलं की म्हैस वैरण खाऊन दूध तरी देते, ही पेट्रोल पिऊन नुसती खोकते. तेव्हापासून मोटार डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या वरकस, माळाच्या जमिनीवरच्या गोठ्यात पडून होती. त्यावर चार पावसाळे गेले होते. राखणीला होती कोंडीमावशी. ठाकरवाडी गोठ्याला लागूनच, त्यामुळे शेत, गोठा आणि मोटार ही तिन्ही तिच्याच नजरेखाली.

पदू काकांकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मिशी चोळली आणि म्हणाले, “न्ये की. चालू झाली तर मीबी येतो. आमच्या घरात लय जनी वाट बघतायत ती भंगारात कदी जाते त्येची.” लय जणी म्हणजे एकटी काकू, हे आम्हाला ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी उजाडताच आम्ही गोठ्यावर पोचलो. पेंढा उपसला. खालून मोटार निघाली ती अशी की आधी ओळख पटेना. टपाचं कापड उंदरांनी जाळीदार केलं होतं. दिव्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. मागच्या गादीवर कोंडीमावशीची कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि तिने आमच्याकडे असं पाहिलं की जणू भाडेकरू आम्हीच.

कोंडीमावशी कमरेला पदर खोचून उभीच होती. कोंबडी उठणार नाही, तिने सांगितलं. न्यायची असेल तर कोंबडीसकट न्या, आणि कोंबडी जाणार असेल तर मीही येणार. यावर वाद घालायला कुणाला वेळ नव्हता.

टायर बसले होते आणि त्यांत हवा धरेना. पदूने ते सोडवून आत पेंढा ठासला. सर्व्हिस मोटारीवर त्याने हे पाहिलं होतं म्हणे. मग चुलीवरून कढत पाणी आणून मोटारीच्या पोटात ओतलं. प्लग काढून निखाऱ्यावर भाजले. काका म्हणाले, वांगी भाजताना तरी मीठ लावतात, इथं तेही नाही. पदू हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सांधेवाल्याचा कंदील हलत होता.

आता राहिलं पेट्रोल. ते कर्जतहून डब्यात भरून आदल्या दिवशी माझ्या मामाच्या बैलगाडीतून आणलं होतं. डब्याचं बूच बसवायचं काम माझं होतं आणि ते मी माझ्या समजुतीप्रमाणे केलं होतं. रस्त्याच्या खड्ड्यांची समजूत वेगळी होती. डबा उचलला तर तो हलका लागला. आत पाहिलं तर तळाशी कंदिलात घालण्याइतकंच पेट्रोल होतं, आणि मामाच्या गाडीतला पेंढा मात्र अख्ख्या गावात सगळ्यात महाग झाला होता.

पदू डब्याकडे बघत मटकन खाली बसला. कर्जतला जाऊन परत यायचं तर दुपार टळली असती. मी म्हणालो, आहे तेवढं तर घालून बघू. तो उठला, पुढची गादी उचलली आणि तिच्या खालच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत किती गंज चढलाय ते बघायला त्याने बांबूची एक काटकी खाली सोडली.

काटकी वर आली ती जवळजवळ मुठीपर्यंत ओली.

“काका,” तो म्हणाला, “टाकी भरल्याली हाय.”

काका म्हणाले, शक्य नाही. मी तर थेंब न् थेंब काढून ठेवला होता. पदूने काटकी नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. मग ती काकांच्या हातात दिली. काकांनी हुंगली. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग गंभीर झाला, आणि मग हळूहळू कोंडीमावशीकडे वळला.

“कोंडे,” काका म्हणाले, “हे काय हाय गं?”

“मोहाची,” कोंडीमावशी म्हणाली. दुसरं काय असणार, अशा आवाजात.

“टाकीत कशी गेली?”

“मी घातली. तुमीच सांगून गेलावता. म्हनलात, कोंडे, हिला वस्तू समजू नगं, जित्राब समज. तेलपानी बघत जा, उपाशी ठिवू नगं.”

काकांना ते आठवलं. तो बोलण्याचा अलंकार होता. मोटारीवर फडकं मारत जा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

“मग मी काय करू?” कोंडीमावशी पुढे सांगत होती. “पुढ्यात गवत टाकलं, खाल्लं नाय. पेज ठिवली, शिवली नाय. म्हनलं, आजारी हाय. तोंड उघडून बघितलं तर आतून झनझनीत वास. तवा उमगलं, हिची सवयच तसली हाय. मग होळी, दसरा, जवा जवा वाडीत देवाचा वाटा काढला, तवा पहिल्या धारंचा एक वाटा हिला बी दिला. मी सोता थेंबाला शिवत नाय. पन मुक्या जिवाचं आपुन बघाया नगं का?”

चार वर्षं त्या वाडीतली सगळ्यात चांगली दारू मोटार प्याली होती. हे ऐकून भोवती जमलेल्या वाडीतल्या बाप्यांचे चेहरे असे झाले की जणू घरातलं कुणी गेलं. एकाने हळूच विचारलं, मडकं आणू का. दुसरा आणायलाही पळाला. काकांचं म्हणणं पडलं की टाकी आधी रिकामी करून धुतली पाहिजे, आणि रिकामी करताना वाया काही जाता कामा नये.

पदू टाकीवर आडवा झाला. शब्दशः आडवा, हात पसरून.

“कुनी बी मडकं आनायचं नाय,” तो म्हणाला. “मावशे, ही पेटती का?”

“पहिल्या धारंची हाय रं बाबा. काडी लाव, निळी पेटल.”

काडी लावून पाहिली. करवंटीत दोन थेंब घेतले, ते निळे पेटले. पदूने तळाचं पेट्रोल थेंब थेंब करून प्लगांच्या भोकांत सोडलं, गरम प्लग फडक्यात धरून घट्ट बसवले आणि हँडल मारलं. काहीच झालं नाही. पुन्हा मारलं. मग जमलेल्यांतल्या एका पैलवानाने मारलं, मग काकांनी. काकांच्या वेळी हँडल उलटं फिरलं आणि त्यांचं पागोटं कोंबडीच्या अंगावर जाऊन पडलं. कोंबडी तरीही उठली नाही.

टाकीतून इंजिनात जाणाऱ्या नळीखाली धार कमीजास्त करायचा एक स्क्रू होता. पदूने तो सरळ फिरवून पाहिला होता, त्याने काही बदल झाला नव्हता, तेव्हा आता तो चिडून उलटा फिरवला, फिरवतच राहिला. आणि हँडल हातात घेऊन त्याने जनाचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, काकांच्या देखत.

मोटार शिंकली. मग मागच्या धुराच्या नळीतून एक उंदराचं घरटं बाहेर उडालं, त्यामागून पांढरा धूर, आणि मग सगळा गोठा थडथडायला लागला. कौलं हलली. दिव्यातल्या गांधीलमाश्या आपला संसार सोडून निघाल्या. वाडीतली माणसं टाळ्या पिटत होती. काका मोटारीच्या नाकावरून हात फिरवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं की कसलं ते त्यांनाच माहीत. कोंडीमावशी समाधानाने म्हणाली, “बगा. खाल्लेलं अंगाला लागलं.”

आम्ही निघालो. पुढे पदू आणि काका, मागे मी, कोंडीमावशी आणि कोंबडी. बंद पडली तर पुन्हा चालू होणार नाही हे पदूला कळत होतं, म्हणून तो कशासाठीच थांबेना. म्हशी बाजूला झाल्या. एका ओढ्यातून आम्ही धोबिणींच्या शिव्या खात पार झालो. आणि जिथून जाऊ तिथे मागे वास राहायचा. असा दाट, गोड, ओळखीचा वास. बांधावर झोपलेला एक म्हातारा खाडकन उठून बसला आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून होता. कर्जतच्या बाजारातून काही माणसं पळत मागे लागली. काका त्यांना ओरडून सांगत होते, अरे काही नाही, मोटार आहे. ती माणसं म्हणत होती, ते कळलं, पण आतली कुठली?

खालापूर दिसायला लागलं तिथे रस्त्यात आडवा बांबू होता आणि बांबूमागे अबकारीचा जमादार. त्याने नाक वर केलं. त्या नाकाने पंचक्रोशीतल्या भट्ट्या शोधल्या होत्या. त्याने हात दाखवला.

पदूने मोटार थांबवली पण इंजिन थडथडत ठेवलं. जमादाराने काही न विचारता त्याच्यासमोर तोंड नेलं आणि म्हणाला, फुंक. पदू फुंकला. त्यात कांदाभाकर सोडून काही नव्हतं. मग काका फुंकले, मी फुंकलो. कोंडीमावशी इतक्या जोरात फुंकली की जमादाराची टोपी मागे सरकली. जमादाराने गादीखाली हात घातला, तर कोंबडीने तो टोचला. टप चाचपला, पायाखालच्या फळ्या ठोकल्या. माल कुठे नाही, प्यालेला कुणी नाही, आणि वास असा की त्याचं स्वतःचंच डोकं हलकं व्हायला लागलं.

“कोन प्यालंय?” त्याने शेवटी विचारलं.

“ही,” कोंडीमावशी म्हणाली आणि मोटारीवर थाप मारली.

जमादार वाकून मागच्या नळीशी गेला, पोटभर हुंगला आणि खोकत उभा राहिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने माणसं धरली होती, मडकी धरली होती, एकदा एक गाढवही धरलं होतं.

“हिला कुनी पाजली?”

“मी. मानसाला पाजू नये, इकू नये, ते मला ठावं हाय. मोटारीला पाजू नये असं तुमच्या कायद्यात कुटं हाय, ते दावा.”

मोटार थडथडत होती आणि पदूचा जीव तिच्याबरोबर, कारण टाकीतलं संपत चाललं होतं. शेवटी जमादाराने ठरवलं की हा प्रश्न आपल्या पगारापलीकडचा आहे. मोटार कचेरीत न्यायची, तिथं साहेब बघतील. काकांनी विचारलं, नेणार कशी? ढकलत? जमादाराने चढ पाहिला, ऊन पाहिलं, आणि पुढे काकांच्या शेजारी चढून बसला. “चल,” तो पदूला म्हणाला. “कुटं थांबू नगं.”

कचेरीचा रस्ता भिवाजींच्या दारावरून जात होता.

भिवाजी ओट्यावरच उभे होते. रेल्वेवाले लवकर आले होते आणि आत पाटावर बसून गूळपाणी घेत होते. तेवढ्यात कोपऱ्यावरून गर्जना करत मोटार वळली. पदू सुकाणूवर ताठ, शेजारी पागोटंवाले येसाजीकाका, आणि त्यांच्या पलीकडे पट्टा-बिल्ला लावलेला सरकारी जमादार, छाती पुढे काढून, कारण चालत्या मोटारीत बसण्याची त्याचीही पहिलीच वेळ होती. भिवाजींच्या दाराशी मोटार आली, एक मोठी उचकी दिली आणि बंद पडली. टाकी संपली होती. दाराच्या उंबऱ्यासमोर, वीतभरही मागेपुढे नाही.

“हात हाय पोराचा,” भिवाजी रेल्वेवाल्यांकडे वळून म्हणाले. “बगा कशी उभी केली. तुमची गाडी फलाटाच्या पुढं जाती, मी सोता बगितलंय.”

मग त्यांचं लक्ष जमादाराकडे गेलं. पदूने सोयरिकीला सरकारी माणूस आणलाय, हे पाहून ते ओटा उतरून खाली आले, जमादाराचा हात धरला आणि त्याला मानाच्या पाटावर नेऊन बसवलं. जमादार म्हणत होता, अहो मी मुद्देमाल घेऊन आलोय. भिवाजी म्हणत होते, घेऊन आलात ना, मग बसा. आतून पुरणपोळ्यांचा वास यायला लागला आणि त्या नाकाने कर्तव्याची बाजू सोडली. तरी तो माणूस प्रामाणिक होता. एकदा बाहेर येऊन त्याने टाकीत बोट घातलं. बोट कोरडं निघालं. मागच्या नळीशी हुंगलं, तिथे आता नुसत्या तापलेल्या लोखंडाचा वास होता.

काका त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. “काय लिवनार सायबाला?” त्यांनी आपुलकीने विचारलं. “मोटारीचं तोंड हुंगलं असं लिवनार का?”

जमादाराने बोट धोतराला पुसलं आणि आत जाऊन जेवायला बसला. रेल्वेवाले आपला कंदील घेऊन उठले. सुपारी फुटली तेव्हा ती फोडण्याचा मान भिवाजींनी जमादारालाच दिला आणि त्याने ती एका घावात फोडली. आतल्या दाराआडून बांगड्या वाजल्या. पदूने तिकडे पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

जेवणं चालू असतानाच भिवाजींनी जाहीर केलं की वरात मोटारीतूनच निघणार, खालापूर ते कडाव, वाजत गाजत. नवरानवरी मागं बसतील. नवरा स्वतः हाकत जाईल हे शोभणारं नाही. तर ड्रायव्हर कोण?

पदूने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यो हाय ना, धोंडू.”

मी उष्ट्या हाताने त्याला ओढत बाहेर नेलं. मोटार उन्हात निवांत उभी होती, कोंबडी मागच्या गादीवर डोळे मिटून बसली होती. मी म्हणालो, पद्या, मी जन्मात सुकाणूला हात लावलेला नाही. तो म्हणाला, सकाळपर्यंत मीही लावला नव्हता.

“खाली तीन पट्ट्या हायेत आन मला पाय दोनच,” मी म्हणालो. “तिसरीनं काय होतं?”

“त्ये आज कळलं नाय,” पदू म्हणाला. मग त्याने माझा खांदा धरला. “धोंड्या, दुसऱ्या कुनाला सांगू? जनीला पुढचा रस्ता बगू दे. मला एकदा मागं बसून तिच्याकडं बगायचंय.”

मी उष्टा हात पुसला आणि सुकाणूवर ठेवून पाहिला.

“बस मागं,” मी म्हणालो. “शिकतो मी. तुजी वरात मीच हाकीन. आन पेट्रोलच्या डब्याचं बूच मी सोता बसवनार नाय.”